चमच्याच्या पाठीवरची बखर

धागा मोठा आहे आणि थोडा भांडखोरही आहे. चहा घेऊन बसा.

समाजमाध्यमांवर एक छायाचित्र वारंवार फिरताना दिसते. जुन्या चमच्याची, तबकाची किंवा चहादाणीची उलटी बाजू, तिच्यावर ओळीने चार-पाच चिमुकले ठसे, आणि खाली प्रश्न: ‘हे कधीचे असेल? चांदी खरी आहे का?’ पाच मिनिटांत उत्तर येते. कोणीतरी ठशांच्या तक्त्याशी चित्र जुळवून निर्वाळा देतो: ‘व्हिक्टोरियन, १८४७ सालचे, अस्सल शेफील्ड, जपून ठेवा.’ विचारणारा धन्य होतो, सांगणारा तज्ज्ञ ठरतो.

या निर्वाळ्यातली तारीख चुकली की बरोबर आली, हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे. माझा आक्षेप पद्धतीवर आहे. मराठी इतिहासलेखनाने जी सवय शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने सोडली, तीच आपण चमच्यांच्या बाबतीत हौसेने पुन्हा अंगी बाणवत आहोत. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख बखरींवर विसंबण्याविरुद्ध होता. बखर कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, हे विचारल्याशिवाय तिच्यातले वाक्य पुढे करायचे नाही, हे आता इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मोडी पत्र हाती आले की आपण वरची मुद्रा पाहतो, शेवटचे मोर्तब पाहतो, आणि हे उठवण्याचा अधिकार कोणाला होता ते विचारतो. चमच्याच्या ठशाला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तो विचारला तर काय दिसते, ते पाहू. त्यासाठी आधी खऱ्या चांदीकडे जावे लागेल.

इंग्लंडमध्ये चांदीची वस्तू विकण्याआधी तिचा कस सरकारमान्य कचेरीत तपासून घ्यावा लागे. हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी भरली तरच तिच्यावर चालत्या सिंहाचा ठसा उठे. हा सिंह १५४४ पासून आहे. कचेरी कोणती हे सांगणारे चिन्ह वेगळे: लंडनचे चित्त्याचे मस्तक, बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा मुकुट. वर्ष सांगणारे अक्षर वेगळे. ते लंडनमध्ये १४७८ पासून चालू आहे. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तकही उठवले जाई. या खुणा उठवणारा माणूस ती वस्तू विकत नव्हता. खोटा ठसा मारणे हा गंभीर गुन्हा होता. म्हणून या ठशांना पुराव्याचे मोल आहे. आपल्याकडे दागिन्यावर बीआयएसचा हॉलमार्क असतो, त्याच्यामागचे तत्त्व हेच.

आता मुलाम्याच्या भांड्याकडे या. त्याच्यावरचा मुख्य ठसा कोणी उठवला? विकणाऱ्याने. तपासला कोणी? कोणीही नाही. त्यावर काय लिहायचे हे कोणी ठरवले? पुन्हा विकणाऱ्यानेच. सर्व वाद या एवढ्या फरकावर उभा आहे, आणि आपले तक्ते-पंडित नेमका हाच फरक गिळून टाकतात.

हा फरक आपोआप पडलेला नाही, तो कायद्याने पाडला. १७४३ च्या सुमारास शेफील्डच्या थॉमस बूल्सोव्हरला असे आढळले की तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा ठेवून तापवले की दोन्ही धातू एकजीव होतात, आणि मग ती लगड लाटली तरी चांदी तांब्यापासून सुटत नाही. त्यातून ‘शेफील्ड प्लेट’ जन्माला आली. सुरुवातीला चांदी एकाच बाजूला असे. आतल्या बाजूला कथलाचा लेप देत. आपल्या कल्हईवाल्याला ते काम पाहून परके वाटले नसते. दिसायला चांदी, किमतीला फार कमी. उत्पादकांनी मग तिच्यावर चांदीसारखे ठसेही मारायला सुरुवात केली.

चांदीच्या कारागिरांनी आरडाओरडा केला. १७७३ मध्ये शेफील्ड आणि बर्मिंगहॅम येथे कस तपासणाऱ्या कचेऱ्या स्थापन करणारा कायदा झाला, त्यातच मुलाम्याच्या वस्तूंवर अक्षरे उठवण्यास बंदी आली. अकरा वर्षांनी, १७८४ मध्ये, ती सैल झाली: शेफील्डपासून शंभर मैलांच्या आतल्या उत्पादकाने आपले नाव आणि एक चिन्ह तेथील कचेरीत नोंदवावे, मात्र ते चांदीच्या अधिकृत ठशासारखे दिसता कामा नये. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने दोन सूर्य नोंदवले. ते आजही सापडतात आणि त्यांचा आधार भक्कम आहे, कारण त्यांच्यामागे नोंदवही आहे.

म्हणजे त्या अकरा वर्षांतल्या मालावर अक्षरे असणे बेकायदा होते, आणि त्यानंतरच्याही पुष्कळ मालावर ठसा नाही. फ्रेडरिक ब्रॅडबरीने १९१२ मध्ये जुन्या शेफील्ड प्लेटचा इतिहास लिहिला. ठशांच्या कितीतरी यादी त्याच ग्रंथावर पोसलेल्या आहेत. पण यादी वाचणारे एक साधा निष्कर्ष विसरतात: अस्सल जुनी शेफील्ड प्लेट बहुधा मुकी असते. ठसा नाही म्हणून एखादे सुंदर मेणबत्तीदान बाजूला सारले जाते, आणि ‘शेफील्ड’ असे ठसठशीत लिहिलेले विसाव्या शतकातले तबक काचेच्या कपाटात जाते. त्या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की माल शेफील्ड गावात झाला.

मग अस्सल ओळखायची कशी? वस्तू पाहून. शेफील्ड प्लेटमध्ये चांदी आधी चढते आणि भांडे मागून घडते. त्यामुळे पत्रा जिथे कापला तिथे तांब्याची लाल कड उघडी पडते आणि ती झाकण्यासाठी कारागीर काठाला चांदीची तार लावतो. नखाने काठ चाचपला तर ती लागते. भांड्याला जोड असतो आणि तो नीट पाहिल्यास दिसतो. घराण्याचे चिन्ह कोरायचे असेल तर पातळ थर फाटून तांबे वर येईल, म्हणून तेवढ्या जागी शुद्ध चांदीचा तुकडा बसवलेला असतो. वस्तूवर तोंडाची वाफ सोडली की त्याची कड क्षणभर उमटते. विजेच्या मुलाम्यात क्रम उलटा: भांडे आधी पूर्ण घडते, मग द्रावणात बुडवून त्याच्यावर चांदी बसते आणि जोड, कड, डाग सगळे एका थराखाली जाते. नुसते झिजून लाल तांबे दिसले म्हणून शेफील्ड प्लेट ठरत नाही. तांब्यावर विजेचा मुलामा दिलेल्या नकलाही तशाच झिजतात. जोड आणि काठ यांना खोटे बोलायला लावणे ठशापेक्षा कितीतरी कठीण आहे.

विजेचा मुलामा आला आणि ठशांचा खरा तमाशा सुरू झाला. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज आणि हेन्री एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये पेटंट घेतले. द्रावणात पोटॅशियम सायनाइड वापरण्याची गुरुकिल्ली जॉन राइट नावाच्या तिथल्याच शल्यवैद्याची होती. काही दशकांत जुनी शेफील्ड प्लेट जवळपास संपली आणि मध्यमवर्गाच्या जेवणाच्या मेजावर चांदीचा भास स्वस्तात उपलब्ध झाला.

एल्किंग्टनच्या ठशाकडे बघा. ढालीत कंपनीची आद्याक्षरे, वर मुकुट, शेजारी कंपनीचे स्वतःचे वर्षाक्षर. मुकुट ही शेफील्डच्या चांदीची सरकारी खूण होती, हे ग्राहकाला अंधुक का होईना माहीत होते. वर्षाक्षर ही तर चांदीच्या कचेरीचीच रीत. इतर कंपन्यांनी याच्या पुढे मजल मारली. ‘ईपीएनएस’ ही अक्षरे एका ओळीत सरळ लिहिण्याऐवजी प्रत्येक अक्षर वेगळ्या चौकटीत, वळणदार गॉथिक लिपीत उठवले, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला चार हॉलमार्क ओळीने बसल्यासारखे वाटावेत. आज कोणी त्यातला शेवटचा ‘एस’ वर्षाक्षर समजून लंडनच्या तक्त्यात शोधतो आणि त्याला एक सालही सापडते, तेव्हा दीडशे वर्षांपूर्वीच्या एका विक्रेत्याची युक्ती अजून काम करत असते.

त्या अक्षरांचा अर्थ अगदी साधा आहे: निकेल सिल्व्हरवर विजेने दिलेला मुलामा. आणि निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नाही. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. शेवटी ‘बीएम’ असेल तर खाली ब्रिटानिया मेटल, म्हणजे कथील, अँटिमनी आणि थोडे तांबे. निकेल सिल्व्हरलाच पूर्वी जर्मन सिल्व्हर म्हणत, कारण पांढऱ्या चिनी धातूची नक्कल करून १८२० च्या दशकात तो जर्मनीत बनू लागला. (आपल्याकडे ‘जर्मनचे पातेले’ म्हणजे ॲल्युमिनियमचे. नावातला जर्मन तेवढा राहिला, धातू पार बदलला. शब्दावरून धातू ओळखणाऱ्यांनी आपल्याच स्वयंपाकघरात एकदा डोकावावे.)

नावांच्या या खेळातला माझा लाडका नमुना बर्मिंगहॅमच्या डॅनियल अँड आर्टर या कंपनीचा आहे. १८५९ मध्ये अमेरिकेच्या नेवाडा भागात चांदीचा प्रचंड साठा सापडल्याची बातमी जगभर गाजली होती. या कंपनीने आपल्या पांढऱ्या मिश्रधातूच्या चमच्यांवर ‘नेवाडा सिल्व्हर’ असे उठवले आणि बाजूला हॉलमार्कसारख्या चौकटी मांडल्या. चमच्यात नेवाडाही नाही आणि चांदीही नाही. असा चमचा ‘अमेरिकन खाणीतली दुर्मीळ चांदी’ म्हणून कोणी मिरवत असेल, तर त्याला खोटे बोलणारा म्हणता येणार नाही. तो जाहिरात वाचून दाखवत आहे.

आकड्यांचे तर विचारूच नका. चमच्यावर ‘९०’ दिसले की नव्वद टक्के चांदी, असे बेधडक सांगितले जाते. जर्मन मुलाम्यावरचे ९० म्हणजे बारा मोठे चमचे आणि बारा काटे मिळून चढवलेली ९० ग्रॅम चांदी. भागाकार करा: नगामागे पावणेचार ग्रॅम, म्हणजे जुन्या तोळ्याचा साधारण तिसरा हिस्सा. फ्रेंच मालावरचे ८४ याच जातीचे, नगामागे साडेतीन ग्रॅम. पण रशियन चमच्यावर ८४ असेल तर गोष्ट पूर्ण बदलते. तिथे ८४ म्हणजे ९६ पैकी ८४ झोलोत्निक, अर्थात हजारात ८७५ भाग चांदी, भरीव. तोच आकडा एका देशात वजन आहे आणि दुसऱ्या देशात कस. फ्रान्समध्ये कायद्याने आणखी एक सोय केली होती: चांदीच्या कारागिराची चौकट शंकरपाळ्याच्या आकाराची, मुलामा देणाऱ्याची चौरस. कोणत्या राज्याचा कायदा लागू होता हे आधी ठरवले नाही, तर आकडा काहीच बोलत नाही.

अमेरिकेत ‘क्वाड्रुपल प्लेट’ असा भारदस्त शब्द भेटतो. चौपट, पण कशाच्या? तिथल्या व्यापाराचे मूळ माप १४४ छोट्या चमच्यांना मिळून दोन ट्रॉय औंस चांदी, म्हणजे नगाला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. चौपट केले तरी पावणेदोन ग्रॅमच्या आत. आणि ‘ए-वन’ हा दर्जा? तो ज्याचा त्याने स्वतःला दिलेला असे.

आता वर आलेल्या १८४७ कडे वळू, कारण हा आकडा आपल्या समूहांत सर्वांत जास्त घात करतो. ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ हे एका व्यापारी मालाचे नाव आहे. कनेक्टिकटमधल्या रॉजर्स बंधूंच्या धंद्याशी निगडित ते वर्ष. १८६२ पासून ते नाव मेरिडन ब्रिटानिया कंपनीकडे गेले आणि १८९८ मध्ये अनेक कंपन्या मिळून झालेल्या इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनीकडे. विसाव्या शतकातही हाच आकडा चमच्यांवर उमटत राहिला. म्हणून १८४७ लिहिलेला चमचा १९३७ चा असू शकतो. आपल्या नाणेप्रेमी मित्रांना हे समजायला अवघड जाऊ नये. पुण्याच्या अंकुशी रुपयावर फारसीत नाव कोणाचे असे? मुघल बादशहाचे. ते वाचून कोणी रुपया दिल्लीच्या टांकसाळीत पाडला असे म्हणत नाही.

‘इंग्लंड’ या शब्दावरूनही अशीच झटपट तारीख काढतात: शब्द असेल तर १८९१ नंतरचे, नसेल तर आधीचे. याचा उगम अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यात आहे. अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव हवे, असे त्याने ठरवले. नियमाचा पहिला अर्धा भाग कामचलाऊ आहे. दुसरा मात्र फसवा, आणि आपल्यासाठी विशेष फसवा. मुंबईला येणाऱ्या पेटीवर अमेरिकेची जकात कशी लागू होणार? काळा घोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सच्या फडताळात पोहोचलेल्या काट्यावर ‘इंग्लंड’ नसेल, तर त्यावरून तो १८९१ च्या आधीचा ठरत नाही. ते दुकानच मुळी १८९१ चे.

मुलाम्याच्या भांड्यावर सरकारची साक्ष कधीच नसते, असेही नाही. १८४२ ते १८८३ या काळातल्या ब्रिटिश वस्तूंवर कधी कधी शंकरपाळ्याच्या आकाराची खूण दिसते. मधोमध ‘आरडी’ ही अक्षरे, कोपऱ्यांत आणखी काही. ती नमुना नोंदवल्याची सरकारी खूण. तिच्यातून नोंदणीचा दिवस, महिना आणि वर्ष काढता येते. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजव्या. १८८४ नंतर तिच्या जागी सरळ अनुक्रमांक आला. संपूर्ण वस्तूवरची ही सर्वांत विश्वसनीय खूण, आणि तिच्याकडे लक्ष सर्वांत कमी, कारण ती उत्पादकाच्या ठशाइतकी देखणी नसते. तीही नमुना कधी नोंदला एवढेच सांगते. भांडे त्याच दिवशी घडले असे मानण्याची सोय इथेही नाही. त्याच्या आधीचे नाही, इतके मात्र खात्रीने म्हणता येते.

आता ज्या शब्दावरून माझे खरे भांडण आहे तो: ‘मेकर्स मार्क’. घडवणाऱ्याची खूण. चांदीच्या बाबतीतसुद्धा हा शब्द ढिला आहे. वस्तू कचेरीत तपासणीला पाठवून तिची जबाबदारी घेणाऱ्याची ती खूण असते, म्हणूनच ब्रिटनमध्ये आता तिला अधिकृतपणे ‘प्रायोजकाची खूण’ म्हणतात. मुलाम्याच्या मालात अंतर आणखी वाढते. शेफील्डमध्ये स्वतःच्या लहानशा खोलीत किंवा भाड्याच्या बाकावर काम करणारे छोटे कारागीर मोठ्या कंपन्यांना माल घडवून देत. वर नाव कंपनीचे. चमच्यांना आणि काट्यांना झळाळी आणण्याचे काम मुख्यत्वे बायका-मुली करत. अंगाला तपकिरी कागद गुंडाळून, डोक्याला रुमाल बांधून, फिरत्या चाकासमोर वाळूच्या आणि तेलाच्या चिखलात त्या दिवसभर उभ्या असत. त्यांना तिथे ‘बफर गर्ल्स’ म्हणत. आज आपण ज्या झळाळीवर भाळतो ती त्यांच्या हातची, आणि एकाही चमच्यावर त्यांचे अक्षर नाही. कित्येकदा कंपनीचेही नसते. फक्त दुकानदाराचे किंवा गिऱ्हाईकाचे असते. मुंबईच्या चोरबाजारात जीआयपी रेल्वेच्या आद्याक्षरांचा चमचा मिळाला तर रेल्वेने तो घडवला असे कोणी म्हणणार नाही. मग ‘एल्किंग्टनने घडवला’ हे वाक्य आपण इतक्या सहज कसे लिहितो?

यावर नेहमीचे उत्तर येईल, आणि ते पूर्णपणे टाकाऊ नाही: तक्त्यांमुळेच हजारो लोकांना या वस्तूंत रस वाटू लागला, ठसा हा निदान प्रारंभ तरी आहे. मान्य. तक्ते करणाऱ्यांनी आयुष्यभर खपून माहिती गोळा केली, तिचा अनादर कोणी करू नये. कंपनीचे नाव, भागीदारांचा बदल, नावापुढे ‘लिमिटेड’ कधी लागले, हे त्यांतूनच कळते. पण तक्ता ही सूची आहे. सूची पाहून पुस्तकाचे परीक्षण लिहिणाऱ्याला आपण काय म्हणतो?

दुसरे उत्तर जरा उद्धट असते: ‘मुलाम्याचाच तर माल, त्याचा एवढा कीस कशाला?’ हे ऐकले की राग येतो. चांदी श्रीमंतांच्या घरी होती आणि तिचा इतिहास वजनासकट लिहिला गेला आहे. मुलामा वापरला तो कारकुनांनी, उपाहारगृहांनी, आगबोटींनी, रेल्वेच्या भोजनडब्यांनी आणि साहेबी मेज मांडू पाहणाऱ्या आपल्याकडच्या नवशिक्षितांनी. ऐपतीपेक्षा एक पायरी वर दिसण्याची धडपड या भांड्यांत साठलेली आहे, आणि खोटे हॉलमार्क हा त्या धडपडीचाच दस्तऐवज आहे. ते खोटे आहेत म्हणूनच अभ्यासाला मोलाचे आहेत. ते खरे समजून वाचले तर मात्र त्यांच्यातला इतिहास हातातून निसटतो.

दरम्यान प्रत्यक्ष नुकसान होतच असते. ठसा ‘नीट दिसावा’ म्हणून लोक रांगोळीने भांडे घासतात आणि आधीच केसाएवढा असलेला थर उतरवतात. कोणी कस पाहायला कानशीने ओरखडा काढतो. कोणी ‘चांदी नाही’ असे ऐकून आजीचा संच मोडीत घालतो, आणि न ठसलेली अठराव्या शतकातली शेफील्ड प्लेट तांब्याच्या भावाने वितळते.

म्हणून चमच्यांचे आणि चहादाण्यांचे निर्वाळे देणाऱ्या सर्व पानांना माझी मागणी आहे. नुसत्या ठशाच्या छायाचित्रावरून तारीख सांगणे थांबवा. विचारणाऱ्याकडून आधी अख्ख्या वस्तूचे छायाचित्र मागा, मग काठाचे, जोडाचे, झिजलेल्या जागेचे, आणि वस्तू घरात कुठून आली याची दोन वाक्ये. ठशाचे छायाचित्र सर्वांत शेवटी उघडा. उत्तर देताना प्रत्येक खुणेपुढे ती कोणी उठवली ते लिहा: सरकारी कचेरीने, कंपनीने, दुकानदाराने की गिऱ्हाईकाने. तारखेच्या जागी ‘याच्या आधीचे नाही’ असे लिहायला लाजू नका.

ज्यांच्या घरी असे काही आहे त्यांनी छायाचित्रे याच क्रमाने खाली टाकावीत. रांगोळी लावू नये.